खडकाखालचे पाणी आणि मलिक अंबर

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या वाटेवरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तेथील स्थानकही पोखर्णी नृसिंह याच नावाने ओळखले जाते. 'पोखर' म्हणजे तळे. पुष्करिणी या शब्दाशी त्याचे नाते आहे. गावांची नावे ठेवताना आपल्या पूर्वजांना पाण्याचा विसर पडत नसे, याची साक्ष अशा नावांतून मिळते. याच जिल्ह्यात वालूर आणि चारठाणा येथे जुन्या बारवा आहेत. जमिनीखालच्या पाण्यापर्यंत माणसाने पायऱ्यांनी उतरून जावे आणि पाण्याची पातळी किती खाली गेली आहे हे प्रत्येक पायरीगणिक डोळ्यांनी पाहावे, अशी ती योजना होती. आज त्याच भूमीत पाण्याचा शोध सहा इंचांच्या छिद्रातून, दोनशे, तीनशे आणि त्याहूनही अधिक फूट खोल घेतला जातो. पाणी किती उरले आहे हे कोणालाच दिसत नाही. ते संपले म्हणजे कळते, आणि कळल्यावर करण्यासारखे फारसे काही शिल्लक राहत नाही.

भूजलाचा हा प्रश्न केवळ आजच्या पिढीपुढे उभा राहिलेला नाही. सुमारे चारशे वर्षांपूर्वी याच मराठवाड्याच्या खडकावर एका कर्तबगार पुरुषाने राजधानी वसविली आणि जमिनीखालचे पाणी तिच्या दारी आणले. त्याचे नाव मलिक अंबर. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो गनिमी काव्याचा जाणकार, मोगलांना दक्षिणेत अडवून धरणारा सेनानी आणि जमीन महसुलाचा सुधारक म्हणून येतो. त्याच्या नहरीचा उल्लेख बहुधा एका ओळीत संपतो. वस्तुतः भूजलाच्या नियोजनाचा विचार करणाऱ्यांनी त्याचे चरित्र पुन्हा वाचावे, इतके त्यात शिकण्यासारखे आहे.

गुलामगिरीतून पेशवाईकडे

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एका गरीब कुटुंबात झाला. त्याचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. अरबस्तान आणि बगदाद येथे तो एकाहून अधिक मालकांच्या हाती गेला. त्यांपैकी एका मालकाने त्याची हुशारी हेरून त्याला लिहिण्यावाचण्याचे आणि हिशेबाचे शिक्षण दिले. अंबर हे नाव त्याला तेथेच मिळाले. इराकसारख्या कोरड्या प्रदेशात पाणी हीच राज्याची खरी दौलत मानली जात असे, आणि तेथून पूर्वेकडे इराणात डोंगराच्या पायथ्याचे भूजल बोगद्यांनी मैलोगणती दूर वाहून नेण्याची कला हजारो वर्षे रुजलेली होती. त्या मुलाने तेथे नेमके काय पाहिले याची नोंद नाही. परंतु त्याच्या आयुष्यातील घडणीची वर्षे त्या जगात गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे तो दक्षिणेत आणला गेला आणि निजामशाहीचा वजीर चंगीझखान याच्या पदरी राहिला. हा चंगीझखानही मुळात हबशी गुलामच होता. त्यामुळे गुलामाला कर्तृत्वाच्या बळावर सत्तेच्या पायऱ्या चढता येतात, हे अंबरने आपल्या धन्याच्याच उदाहरणावरून पाहिले. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला. काही काळ विजापूरच्या चाकरीत काढून तो निजामशाहीत परतला आणि थोड्याशा घोडेस्वारांनिशी त्याने आपले पथक उभारले.

या निजामशाहीचे परभणी जिल्ह्याशी असलेले नाते पुष्कळांना ठाऊक नसते. या घराण्याच्या मूळ पुरुषाचा पिता हा जिल्ह्यातील पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या ब्राह्मण कुळातील होता, अशी परंपरा इतिहासकारांनी नोंदविली आहे. आणि पूर्वजांची ही पाथरी आपल्याकडे असावी म्हणून निजामशहांनी वऱ्हाडच्या इमादशाहीशी युद्धे केली. पाथरीशी नाते सांगणारे ते राज्य १६०० साली बुडाल्यात जमा झाले. चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजांच्या हाती पडला. अशा वेळी अंबरने राजवंशातील मुर्तझा याला परांड्यास गादीवर बसविले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला. तेव्हापासून १६२६ साली मृत्यू येईपर्यंत निजामशाही म्हणजे अंबर, असेच समीकरण होते.

त्याला देवमाणूस ठरविण्याचे कारण नाही. प्रतिस्पर्ध्यांना त्याने निष्ठुरपणे दूर सारले. गादीवर राजा असला तरी सत्ता त्याने स्वतःच्या मुठीत ठेवली. १६२४ साली विजापूरकरांशी बिनसले तेव्हा इब्राहिम आदिलशहाने मोठ्या हौसेने वसविलेल्या नवरसपूर शहराची त्याने धूळधाण केली. स्वतःच्या शहरासाठी पाणी शोधणारा हा पुरुष दुसऱ्याचे शहर उद्ध्वस्त करताना कचरला नाही. तथापि, त्याच्या हातून जे विधायक कार्य झाले ते त्याच्या लढायांपेक्षा अधिक टिकले, हेही तितकेच खरे आहे.

खडकावर वसलेली राजधानी

परांडा, जुन्नर, दौलताबाद असे मुक्काम बदलीत अखेर १६१० च्या सुमारास अंबरने खडकी या लहानशा गावाची निवड केली. आजचे छत्रपती संभाजीनगर ते हेच. गावाच्या नावातच तेथील भूमीचे वर्णन होते. दौलताबादचा बळकट किल्ला जवळ होता, चारी दिशांच्या वाटांवर नजर ठेवता येत होती, उत्तरेस डोंगरांची रांग होती. उणीव होती ती पाण्याची. खाम नदी लहान. पावसाळा सरला की तिचा प्रवाह रोडावे. मोठे शहर तिच्या भरवशावर जगणे शक्य नव्हते.

अशा प्रसंगी राज्यकर्ते सामान्यतः दोनपैकी एक मार्ग धरतात. एक तर दूरच्या नदीचे पाणी आणण्याची स्वप्ने पाहतात, किंवा ज्याने त्याने आपापली विहीर खणावी असे म्हणून मोकळे होतात. अंबरने तिसरा मार्ग स्वीकारला. उत्तरेकडील डोंगरांवर पडणारा पाऊस वाहून जातो तसा काही अंशी जमिनीत मुरतोही, आणि तो पायथ्याच्या भूस्तरात साठून राहतो, ही गोष्ट त्याने आणि त्याच्या जाणकारांनी ओळखली. हर्सूलच्या बाजूस, खाम नदीच्या खोऱ्यात जमिनीखाली पाझर गोळा करणारा बंदिस्त पाट बांधून तो केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत आणण्यात आला. हीच नहर-ए-अंबरी.

दख्खनच्या भूमीची रचना समजून घेतल्याखेरीज या कामाचे मोल कळत नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाच्या थरांनी बनलेला आहे. लाव्हा एकावर एक पसरून थिजल्याने हे थर तयार झाले. अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. पाणी राहते ते झिजलेल्या मुरुमात, भेगांत, आणि दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात. वाळूच्या मैदानी प्रदेशात भूजलाचे विस्तीर्ण साठे असतात, तसे येथे नाहीत. येथील साठा हा उथळ परातीसारखा आहे. चांगल्या पावसात तो लवकर भरतो आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामा होतो. पाऊस चार महिने. तहान मात्र बारा महिने. म्हणून जेथे पाणी आपोआप एकवटते ती जागा शोधणे आणि तेथून बेताने घेणे, हाच या भूमीतील शहाणपणाचा मार्ग होता.

नहरीत चुन्याच्या पक्क्या बांधकामाचे पाट होते आणि भाजलेल्या मातीचे खापरी नळही होते. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून हवा आत जाई, नळांतील कोंडमारा टळे आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येई. उंच मनोऱ्यांतून पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडण्याची सोय होती. त्यामुळे दाब आटोक्यात राहून नळ फुटत नसत. पुढल्या काळात हीच पद्धत अनुसरून शहरात आणखी नहरी झाल्या. पर्यटक ज्या पाणचक्कीचे कौतुक करतात तिचे पाणीही अशाच एका नहरीने डोंगराच्या बाजूने आले. कोणतेही यंत्र नाही, इंधन नाही. केवळ उतार, हवा आणि चुना यांच्या ज्ञानावर एक शहर शतकानुशतके पाणी पीत राहिले.

योगायोग असा की, १६१५ साली अंबरचा बलाढ्य प्रतिस्पर्धी, मोगल सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत बुऱ्हाणपुरातही सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भूमिगत कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणले गेले. ती योजना कुंडी भंडारा या नावाने प्रसिद्ध आहे. रणांगणावर एकमेकांचे शत्रू असणाऱ्या या दोन राज्यकर्त्यांना भूजलाच्या बाबतीत मात्र एकच उत्तर सुचले. त्यावरून हे ज्ञान त्या काळी किती प्रतिष्ठित होते याची कल्पना येते.

मोजणीची दृष्टी

अंबरची दुसरी मोठी कामगिरी जमीन महसुलाची. त्याच्या पूर्वी वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार रयतेला पिळून काढी. अंबरने ही पद्धत मोडून काढली. जमिनीची प्रतवारी लावून, तिच्या उत्पन्नाचा अंदाज घेऊन सरकारी हिस्सा ठरविण्यात आला. आरंभी तो उत्पन्नाच्या दोन पंचमांश इतका धान्यरूपाने घेतला जाई. पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर होऊन तो सुमारे एक तृतीयांश झाला, असे इतिहासकार सांगतात. वसुलीची जबाबदारी गावाकडे आणि गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे आली. मिरासदाराच्या जमिनीवरील हक्काला मान्यता मिळाली. त्याची ही व्यवस्था इतकी रुजली की, राज्य बुडाल्यानंतरही अनेक वर्षे महसुलाच्या दप्तरांत मलिक अंबरच्या धाऱ्याचा दाखला दिला जात असे.

या दोन कामांमागे एकच बुद्धी दिसते. जमीन किती आहे, ती काय देऊ शकते आणि त्यातले किती घेतले असता ती पुढल्या वर्षीही देईल, याचा हिशेब करून मगच हात पुढे करावयाचा, ही ती बुद्धी होय. महसुलात हा हिशेब त्याने कागदावर मांडला. नहरीच्या बाबतीत तो मांडण्याची गरजच नव्हती, कारण बांधकामातच तो अंतर्भूत होता. उताराने वाहणारी नहर भूस्तरातून जेवढे पाझरेल तेवढेच घेते. पाऊस कमी झाला तर तिची धार बारीक होते आणि साऱ्या शहराला एकाच वेळी काटकसर करावी लागते. साठा उपसून रिता करण्याची शक्ती तिच्यात नाही. मुदलाला हात न लावता व्याजावर संसार चालविणाऱ्या गृहस्थासारखा तिचा व्यवहार आहे.

नहर टिकली, कारण ती कोणा एकाची नव्हती

खडकीच्या नशिबी शांतता नव्हती. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगल फौजांनी खडकी जाळली. या फौजांचा सेनापती शाहनवाझखान हा खानखानानचाच मुलगा. पित्याच्या कारकिर्दीत एका शहराला पाणी मिळाले आणि पुत्राने दुसऱ्या शहराला आग लावली. पुढे १६२१ साली शाहजहानच्या स्वारीत खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली. दोन्ही वेळा अंबरने ती पुन्हा उभी केली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजांचा त्याने दणदणीत पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. या युद्धातही अंबरने पाण्याचा शस्त्र म्हणून उपयोग केला. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या वाटा चिखलाने अडविल्या, असे वर्णन आढळते. दोन वर्षांनी, वयाच्या ऐंशीच्या घरात, अंबर मरण पावला. खुलताबादेत त्याची कबर आहे.

त्याच्या पश्चात राज्य दहा वर्षेच टिकले. मुलगा फत्तेखान याला बापाचे सामर्थ्य नव्हते. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. १६३३ मध्ये दौलताबाद गेले आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. खडकीचे नाव आधी फत्तेनगर आणि पुढे औरंगाबाद झाले. राजवटी बदलल्या, धर्म आणि भाषा वेगळ्या असलेले राज्यकर्ते आले आणि गेले. पण नहर वाहत राहिली. ज्या मोगलांनी तिच्या निर्मात्याला आयुष्यभर शत्रू मानले, त्यांनीच तिचे पाणी प्याले आणि तिच्या धर्तीवर नव्या नहरी बांधल्या. नहर सर्वांची होती, तिचा गाळ काढणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम होते आणि तिच्या वाटेवर कोणी खणू नये हा दंडक होता, हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य मानावे लागेल.

तिची खरी उपेक्षा विसाव्या शतकात झाली. जायकवाडीचे पाणी यंत्रांच्या बळावर शहरात येऊ लागल्यावर नहरीची गरज कोणाला वाटेनाशी झाली. वस्ती वाढत गेली तसे पाटावर बांधकामे झाली, उच्छ्वास बुजले, त्यांत सांडपाणी शिरले. दोन फौजांना जे साधले नाही ते स्वस्थ नागरी दुर्लक्षाने साधले. एवढे करूनही त्या शहराची तहान भागली असे म्हणता येत नाही. धरण जवळ असूनही अनेक वस्त्यांत नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, हा तेथील नागरिकांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

विंधन विहिरींची शर्यत

मराठवाड्याच्या खेड्यांतील चित्र याहून गंभीर आहे. १९७२ च्या दुष्काळात विंधन विहीर ही संजीवनी ठरली. पिण्याच्या पाण्यासाठी गावोगावी हातपंप बसले आणि असंख्य माणसे व जनावरे वाचली. त्याच वर्षी महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्थापन झाली. त्या यंत्राचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु पिण्यासाठी आलेले साधन पुढे विजेच्या पंपासह शेतीत शिरले, आणि शेजाऱ्यापेक्षा खोल जाण्याची शर्यत सुरू झाली. एकाने दोनशे फूट घेतले की दुसरा तीनशे फूट घेतो. पाणी मात्र दोघांचे एकच असते. उथळ विहिरीवर जगणारा लहान शेतकरी सर्वांत आधी कोरडा पडतो, मग तो कर्ज काढून विंधन विहीर घेतो, आणि ती कोरडी निघाली तर कर्ज तेवढे उरते. भूजलाचा प्रश्न हा अशा रीतीने न्यायाचाही प्रश्न बनतो.

आकड्यांचा विचार केला तर धोका अधिक स्पष्ट होतो. परभणी परिसरात वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरले आणि त्याचा एक दशांश भाग जमिनीत मुरतो असे मानले, तर एका हेक्टराच्या वाट्याला साधारण नऊ लाख लिटर भूजल येते. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात हे प्रमाणही पुष्कळदा कमीच भरते. उसाच्या एका हेक्टराला वर्षभरात दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागते. थेट पावसाने भागणारा भाग आणि पुन्हा जमिनीत झिरपणारा भाग वजा केला, तरी एक हेक्टर ऊस विहिरीच्या पाण्यावर पिकविणारा शेतकरी दहा ते पंधरा हेक्टरांवर मुरलेले पाणी वापरीत असतो. हे पाणी कोणाच्या शेतावर पडलेल्या पावसाचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण कायद्याने आजवर तो विचारण्यास फारसे प्रोत्साहन दिलेले नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने जमिनीच्या मालकाला आपल्या हद्दीत खालचे पाणी काढण्याची मुभा मानली. ज्या काळात मोटेने पाणी उपसले जात होते त्या काळी ती निरुपद्रवी होती. मोटेचा बैल थकत असे. विजेचा पंप थकत नाही.

संपूर्ण देशाची स्थिती याहून निराळी नाही. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. वर्षाला सुमारे अडीचशे अब्ज घनमीटर पाणी येथे जमिनीतून काढले जाते, आणि त्याचा बहुतांश भाग शेतीत जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना मराठवाड्याच्या स्मरणातून इतक्यात जाणार नाही. गाडीने आलेल्या पाण्याचे स्वागत झाले. पण ते शहर त्या अवस्थेला का पोहोचले याची चर्चा पहिल्या पावसाबरोबर वाहून गेली.

कायदा आहे, हिशेब नाही

महाराष्ट्रात या विषयावर कायदे नाहीत असे नव्हे. १९९३ च्या अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खणण्यास निर्बंध घातला. नहरीच्या वाटेवर खणू नये या जुन्या दंडकाचेच हे नवे रूप म्हणावयास हरकत नाही. त्यानंतर २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन अधिनियम आला. त्याला २०१३ साली राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २०१४ पासून तो अमलात आला. शेती व उद्योग यांसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, अधिक खोल जाण्यास त्याने मनाई केली. विहिरींची नोंदणी, पाणलोटनिहाय समित्या, भूजल वापराचा आराखडा आणि उपलब्ध पाण्याला अनुसरून पीक आराखडा अशा तरतुदी त्यात आहेत. नियमांचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावर पाहता यात उणे काढण्यासारखे थोडेच आहे. तरीही रात्रीच्या वेळी कोणत्याही गावाच्या शिवारात खोदाईच्या गाडीचा आवाज ऐकू येतो, आणि ती किती फूट खाली गेली हे विचारण्यास कोणी येत नाही.

कायद्याने एकट्याने हे काम होणार नाही, याची जाणीव ठेवली पाहिजे. लाखो विहिरींवर पहारा ठेवील असा कोणताही शिपाई नाही. अंबरला हे महसुलाच्या बाबतीत कळले होते. म्हणून त्याने वसुलीची जबाबदारी मक्तेदाराकडून काढून गावाकडे दिली. भूजलाच्या बाबतीतही हिशेब गावानेच ठेवावयास हवा. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, हिवरे बाजार या गावाने हे करून दाखविले आहे. तेथे दरवर्षी पावसाचे मोजमाप होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, त्यानुसार कोणती पिके घ्यावयाची हे ठरते, आणि शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यावर गावाने स्वतःच बंदी घातली आहे. अवर्षणप्रवण भागातील ते गाव आहे. त्याला कोणतीही दैवी देणगी मिळालेली नव्हती. पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीनेही पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार द्यावा, हे तत्त्व अमलात आणले होते.

पोखर्णीसारख्या गावात याची सुरुवात करणे अवघड नाही. गावात पर्जन्यमापक असावा आणि त्याची रोजची नोंद शाळेच्या फळ्यावर लिहिली जावी. चार दिशांच्या चार विहिरी निवडून त्यांची पातळी दर महिन्याला मोजली जावी. हे काम शाळेतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उत्तम रीतीने करू शकतात. दोरी, वजन आणि वही एवढेच साहित्य त्यास पुरते. दिवाळीनंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद वाचला जावा. पिण्याचे पाणी, जनावरांचे पाणी, देवस्थानी येणाऱ्या भाविकांचे पाणी आधी बाजूला काढून मग उरलेल्यात रब्बीचा विचार व्हावा. तलाठी, ग्रामसेवक आणि जवळच परभणीला असलेले कृषी विद्यापीठ यांनी त्यास साहाय्य करावे. जुन्या बारवांचा गाळ काढला जावा. त्या केवळ पाहण्याच्या वास्तू राहू नयेत, तर गावाच्या भूजलाची पातळी दाखविणारे मोजमाप म्हणून त्यांचा उपयोग व्हावा.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. अंबराच्या काळी शहरे लहान होती, गरजा थोड्या होत्या. आजच्या लोकसंख्येला नहरींचे पाणी कसे पुरणार, असे विचारले जाईल. हा आक्षेप रास्त आहे. नहरी पुन्हा बांधून मराठवाड्याचे प्रश्न सुटतील असे कोणी म्हणू नये. कालवे हवेत, धरणे हवीत, पंपही हवेत. परंतु माणसे वाढल्यामुळे हिशेबाची गरज कमी होत नाही, ती वाढते. ज्याच्या घरी खाणारी तोंडे अधिक, त्यानेच कोठारातील धान्य अधिक काळजीने मोजावयाचे असते. अंबरपाशी भूगर्भाचे नकाशे नव्हते, उपग्रहांची छायाचित्रे नव्हती, पातळी नोंदविणारी स्वयंचलित उपकरणे नव्हती. आज हे सर्व उपलब्ध आहे. नाही तो केवळ घेण्यापूर्वी मोजण्याचा निश्चय.

परक्या देशातून गुलाम म्हणून आलेल्या एका माणसाने ही भूमी आपली मानली, तिच्या पोटात काय आहे हे समजून घेतले आणि तिला झेपेल एवढेच तिच्याकडून मागितले. त्याचे राज्य बुडाले, शहराचे नावही अनेकदा बदलले. ज्यांचा जन्मच या भूमीत झाला, ज्यांच्या मुलाबाळांना येथेच राहावयाचे आहे, त्यांनी तिच्याशी त्याच्याहून कमी आपलेपणाने वागावे, हे शोभण्यासारखे नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक ग्रामसभेने आपल्या विहिरींची नोंद पुरी करावी आणि येत्या दिवाळीस पहिला ताळेबंद मांडावा. कायदा त्याला अनुकूल आहे, ज्ञान हाताशी आहे, आणि उशीर मात्र पुष्कळच झाला आहे.